तर आणि तरवाला

'तर' हा शब्द आपण दिवसांतून शंभर वेळां उच्चारतों. 'असें असेल तर', 'मग तर'. पण नदीकांठीं वाढलेल्या माणसाला ह्याच दोन अक्षरांचा दुसरा एक शब्द ठाऊक असतो. नदी ओलांडण्याची जी नाव, ती तर. आणि ती चालविणारा तो तरवाला. आगगाडींत बसणाऱ्या माणसाला आपण 'उतारू' म्हणतों, त्या शब्दालाहि पाण्याचा ओलावा आहे. 'नदी उतरणें' म्हणजे नदी पार करणें, हा प्रयोग जुन्या मराठींत सर्रास आढळतो. रूळ आणि सडका येण्यापूर्वीं प्रवास म्हटला कीं वाटेंत पाणी आलेंच, आणि पाणी आलें कीं तरवाला आलाच.

पुलांचा इतिहास लिहून ठेवण्याची सोय पुलावरच असते. तेथें एक दगड बसवितात. त्यावर साल असतें, उद्घाटन करणाराचें नांव असतें. तरवाल्याचा दगड मात्र कोठें दिसत नाहीं. ह्याला एक अपवाद आहे, आणि तो सुमारें अठराशें-एकोणीसशें वर्षांपूर्वींचा आहे. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांपैकीं दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात ह्याचा शिलालेख आहे. त्यानें केलेल्या दानांची त्यांत यादी आहे. तीन लक्ष गाई दिल्या, सोळा गांवें दिलीं, अशी मोठमोठीं दानें आधीं येतात. त्यांच्याच पंक्तीला एक वेगळें दान बसविलें आहे. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका ह्या सहा नद्यांवर त्यानें नावा ठेवून पुण्यतर केली, म्हणजे लोकांना फुकट पार उतरण्याची सोय केली. तापी तर सर्वांच्या ओळखीचीच आहे. पारादा म्हणजे पार नदी, दमण म्हणजे दमणगंगा; आणि दाहनुका म्हटलें कीं डहाणू आठवतें. लेख तेथेंच थांबत नाहीं. ह्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर बसण्याउठण्यासाठीं सभा आणि पिण्याच्या पाण्यासाठीं प्रपा, म्हणजे पाणपोया, बांधल्याचेंहि तो सांगतो. तर सुटेपर्यंत उतारूला थांबावें लागतें, उन्हांत त्याला तहान लागते, ही साधी गोष्ट त्या राजपुरुषाच्या ध्यानांत होती.

एका अनोळखी माणसाला पैलतीरीं सुखरूप पोंचविणें हें तीन लक्ष गाईंच्या दानाशेजारीं ठेवण्याजोगें पुण्य आहे, असें त्या काळीं मानलें गेलें. ह्याचें कारण उघड आहे. पाण्यावर पाऊल ठेवणारा माणूस आपला जीव दुसऱ्याच्या हातीं देतो. काठ सुटल्यावर त्याला परत फिरतां येत नाहीं, आणि बहुतेकांना पोहतांहि येत नाहीं. मग त्या जिवाची जबाबदारी कोणाची? तरीचा सारा इतिहास ह्या एका प्रश्नाभोंवतीं फिरतो, आणि निरनिराळ्या काळीं लोकांनीं त्याला निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत.

उषवदाताचें उत्तर धर्माचें होतें. कौटिल्याचें उत्तर कायद्याचें आहे. १९०९ सालीं अर्थशास्त्राचा ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला, तेव्हां विद्वानांचें लक्ष राजनीतीच्या प्रकरणांकडे गेलें हें साहजिकच होतें. पण त्यांत नावध्यक्षाचें, म्हणजे नावांवरील अधिकाऱ्याचें, एक छोटेखानी प्रकरण आहे, तें आजच्या कोणत्याहि बंदरखात्याच्या अधिकाऱ्यानें वाचावें असें आहे. लहान जनावराला आणि हातांत ओझें घेतलेल्या माणसाला एक माष भाडें. डोक्यावर किंवा पाठीवर ओझें असेल, किंवा गाय अथवा घोडा असेल, तर दोन माष. उंट आणि म्हैस ह्यांना चार. गाड्यांना आकारमानाप्रमाणें पांचापासून सातांपर्यंत. मोठ्या नद्यांवर हेंच भाडें दुप्पट. ब्राह्मण, संन्यासी, मुलें, म्हातारे, आजारी, राजाचे जासूद आणि गरोदर स्त्रिया ह्यांनीं अध्यक्षाची मुद्रा दाखवून फुकट जावें.

दराहून महत्त्वाच्या दोन गोष्टी पुढें आहेत. बारमाही मोठ्या नद्यांवरच्या नावेंत कोणकोण माणसें हवींत हें त्यांत सांगितलें आहे. नावेचा प्रमुख हवा, सुकाणूवाला हवा, दोर आणि कोयता सांभाळणारे हवेत, आणि नावेंत आलेलें पाणी उपसणारा हवा. माणसें कमी असल्यामुळें, सामान अपुरें असल्यामुळें किंवा डागडुजी न केल्यामुळें नाव बुडाली, तर झालेलें नुकसान नावध्यक्षानें भरून द्यावें. नदीवर दोष ढकलून मोकळें होण्याची वाट कौटिल्यानें बंद केली. दुसरी गोष्ट अशी कीं भलत्या वेळीं किंवा भलत्या ठिकाणाहून नदी ओलांडणारास दंड सांगितला आहे. उतारूचा उतावीळपणा हाहि अपघाताचें एक कारण आहे, हें त्याला पुरतें ठाऊक होतें.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांतहि तरीचे दर आहेत. गाडीला एक पण, भरल्या ओझ्याच्या माणसाला अर्धा, जनावराला आणि स्त्रीला पाव, रिकाम्या माणसाला त्याच्याहि निम्मा. नावाड्यांच्या चुकीनें मालाची नासाडी झाली तर सर्व नावाड्यांनीं मिळून ती भरून द्यावी. दैवानें झाली तर दंड नाहीं. ह्यांत 'सर्वांनीं मिळून' हे शब्द ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. एकाला पुढें करून बाकीच्यांनीं मोकळें व्हावें, असें तेथें चालत नाहीं. आणखी एक बारीकसा उल्लेख आहे. हे दर नदीकांठचे. समुद्राला असा कांहीं नियम नाहीं. हा फरक पुढें आपल्याला मुंबईच्या बंदरांत पुन्हा भेटणार आहे.

आतां देशावर, कृष्णा-भीमेच्या कांठीं येऊं. येथें तरीचें काम पिढ्यान् पिढ्या कोळी आणि भोई ह्यांच्याकडे राहिलें. बलुत्यांच्या याद्या मुलखागणिक निराळ्या, पण कित्येक यादींत कोळ्याचें नांव आहे. नदीकांठच्या गांवांत तरवाल्याला रोज पैसे मोजून द्यावे लागत नसत. सुगीच्या दिवसांत खळ्यावर तो आपला वांटा घेऊन जाई. मग वर्षभर गांवकऱ्यानें केव्हांहि यावें, 'हो' म्हणून हांक मारावी, आणि पलीकडच्या काठावरून तर निघावी. नाव नसेल तेथें वाळलेल्या भोपळ्यांची सांगड असे. पूर चढला तर गुऱ्हाळांतली गूळ करण्याची मोठी काहीलहि पाण्यांत उतरे, आणि तींत बसून माणसें पार होत. पंढरपुरास चंद्रभागेच्या वाळवंटांत वारकऱ्यांना पुंडलिकाकडे आणि विष्णुपदाकडे नेणाऱ्या होड्या आजहि आहेत. पुंडलिकाच्या देवळांतली पूजाअर्चाहि कोळ्यांकडेच आहे. नदी पार करून देणारा आणि देवाची पूजा करणारा एकाच जातीचा असावा, ह्यांत त्या गांवानें तरवाल्याला दिलेला मान दिसतो.

ह्या जुन्या तरवाल्यापाशीं दोन शब्द असत. पहिला शब्द 'भरली'. तरवाल्यानें 'भरली' म्हटलें कीं मागें राहिलेल्यानें काठावरच बसावयाचें, मग तो लग्नाला निघालेला असो कीं कोर्टाच्या तारखेला. दुसरा शब्द 'आज नाहीं'. नदीचा रंग पाहून, पाण्यावरून वाहत येणारा पाला आणि ओंडके पाहून तो तर बांधून ठेवी. हे दोन शब्द तो निर्धास्तपणें उच्चारूं शके, ह्याचें कारण केवळ त्याचें ज्ञान नव्हे. त्याचें पोट त्या दिवसाच्या भाड्यावर अवलंबून नव्हतें, हें खरें कारण. एक फेरी चुकली म्हणून खळ्यावरचा वांटा कमी होत नसे. शिवाय नावेंत बसणारे लोक त्याच्याच गांवचे. बुडाले तर त्याच्याच ओळखीपाळखीचे बुडणार, आणि त्याला त्याच गांवांत राहावयाचें. ह्या व्यवस्थेंत दोष नव्हते असें नाहीं. जातीनें बांधलेलें तें काम होतें, आणि गांवानें ज्यांना दूर लोटलें त्यांना तरींत बसतांनाहि तें दूरपण सोसावें लागे. तरीपण 'भरली' आणि 'आज नाहीं' हे दोन शब्द, ज्याला पाणी कळतें त्याच्याच तोंडीं होते, ही तिची मोठी जमेची बाजू.

इंग्रजी अमलांत ही स्थिति पालटली. १८६८ सालीं मुंबई इलाख्यासाठीं तरींचा कायदा झाला. सार्वजनिक तर कोणती तें सरकारनें जाहीर करावें, भाड्याचे दर सरकारनें ठरवावे, आणि तर लिलावानें ठेक्यास द्यावी, अशी त्याची घडण होती. ह्या कायद्यानें कांहीं चांगल्या गोष्टी झाल्या, हें मान्य केलें पाहिजे. दराचा फलक लागला; वाटेल तें भाडें उकळण्यास आळा बसला; नावेवर किती भार घ्यावा ह्याचे नियम करतां आले. पण लिलावाबरोबर तरीवर एक नवा माणूस आला, तो ठेकेदार. त्यानें सरकारांत रक्कम भरलेली. ती मुदतींत वसूल झाली पाहिजे. वल्हें हातीं धरणारा आतां त्याचा पगारी नोकर. पाणी ज्याला कळतें त्याच्या हातीं निर्णय राहिला नाहीं, आणि निर्णय ज्याच्या हातीं आला तो पुष्कळदां पाण्यावर नसेच. ठेकेदार दुष्ट होता असें म्हणण्याचें कारण नाहीं. पण प्रत्येक जादा उतारू हा त्याच्या खात्यांत जमेचा आंकडा होता, आणि बंद राहिलेला प्रत्येक दिवस खर्चाचा. 'भरली' आणि 'आज नाहीं' ह्या दोन शब्दांना आतां किंमत पडूं लागली.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या बंदरांत घडली. आगगाडी होण्यापूर्वीं पुण्याहून मुंबईस येणारा माणूस बोरघाट उतरून पनवेलीस येई आणि तेथून पडावांत किंवा मचव्यांत बसून खाडी ओलांडी. कुलाबा जिल्ह्याची, म्हणजे आजच्या रायगडची, वाट धरमतर आणि रेवस ह्या बंदरांवरून. धरमतर हें नांव कानांवर पडलें कीं धर्माची तर मनांत आल्यावांचून राहत नाहीं. मुंबईच्या बाजूला उतारूंना चिखल तुडवीत काठावर यावें लागे. ती अडचण दूर करण्यास एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ह्या गृहस्थांनीं धक्का बांधला. लोक त्यांना भाऊ म्हणत. म्हणून तो भाऊचा धक्का. जागा पुढें बदलली, पण नांव टिकलें. तरीच्या इतिहासांत एका माणसाचें नांव लोकांच्या तोंडीं राहिल्याचें हें दुर्मिळ उदाहरण आहे.

ह्याच बंदरांत सहलीच्या नावांचाहि धंदा वाढला. अपोलो बंदरावरून घारापुरीचीं लेणीं पाहावयास जाण्याची मुंबईकरांची आणि पाहुण्यांची जुनी हौस आहे. १८७५ सालीं इंग्लंडचे युवराज मुंबईस आले, तेव्हां त्यांच्यासाठीं घारापुरीच्या लेण्यांतच मेजवानीचा थाट केला होता. १९२४ सालीं गेटवे ऑफ इंडियाचें उद्घाटन झालें, आणि पुढें त्याच्या पायऱ्या ह्याच हौशी प्रवासाचा मुख्य काठ बनल्या. सहलीची होडी आणि कामाची तर ह्यांत फरक एवढाच कीं सहलीला निघालेल्या माणसाला भीति कमी वाटते. समुद्र मात्र दोघांना एकच असतो.

वाफेच्या बोटी आल्या आणि कोंकणचा कायापालट झाला. मुंबईच्या गिरणींत काम करणारा कोंकणी माणूस ह्याच बोटींनीं गणपतीला आणि शिमग्याला घरीं जाई. प्रथम हा धंदा गोऱ्या कंपन्यांच्या हातीं होता. पुढें स्वदेशीच्या चळवळींत १९०६ च्या सुमारास लोकांनीं आपले भाग घालून आपली आगबोट कंपनी उभारली, आणि बोटींना संतांचीं नांवें दिलीं. आपल्या माणसांची बोट, आपल्या संताचें नांव, ह्यांत जो जिव्हाळा होता तो खराच होता. पण समुद्र नांवें वाचीत नाहीं. १९२७ च्या नोव्हेंबरांतल्या वादळांत 'जयंती' आणि 'तुकाराम' ह्या दोन बोटी एकाच दिवशीं बुडाल्या.

आणि मग १७ जुलै १९४७ चा दिवस उजाडला. स्वातंत्र्याला महिनाहि उरला नव्हता. किनाऱ्यावरच्या लांबच्या बोटी पावसाळ्यांत बंद असत, पण रेवसची फेरी जवळची म्हणून चालूच असे. सकाळीं भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' ही बोट रेवसला निघाली. अंतर थोडें, वाट रोजची. कांहीं मैल गेल्यावर पाऊस आणि वारा वाढला, लाटा आदळूं लागल्या, बोट कलली, भ्यालेले उतारू एका बाजूस लोटले, आणि पाहतां पाहतां ती उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. बोटीवर बिनतारी संदेशाचें यंत्र नव्हतें. त्यामुळें जवळ असलेल्या मुंबई शहराला ही बातमी कळावयास संध्याकाळ झाली. जीं माणसें वांचलीं त्यांतल्या कित्येकांना वांचविलें तें मचवे घेऊन समुद्रावर असलेल्या कोळ्यांनीं. ज्यांच्या वाडवडिलांकडे एके काळीं तरीचें काम होतें, तेच लोक शेवटीं हाकेला धांवले.

त्या दिवशीं 'आज नाहीं' हा शब्द कोणीं उच्चारावयाचा होता? कप्तानानें? कंपनीच्या कचेरीनें? बंदराच्या अधिकाऱ्यानें? चौकशी झाली, पावसाळी वाहतुकीवर निर्बंध आले, आणि बोटींवर बिनतारी यंत्र ठेवण्याचा आग्रह सुरू झाला. हे नियम चांगलेच होते. पण ते सहाशें घरांतल्या सुतकानंतर आले. कौटिल्यानें नाव सुटण्यापूर्वीं जें विचारलें होतें, तें आपण नाव बुडाल्यावर विचारलें.

पुढें पूल होत गेले. सांगलीस कृष्णेवर आयर्विन पूल १९२९ मध्येंच झाला होता. स्वातंत्र्यानंतर नद्यानद्यांवर आणि खाड्यांवर पूल उभे राहिले, आणि तरवाला मागें पडला. तो कायमचा गेला असें मात्र समजूं नये. गोव्यांत मांडवीवर १९७० च्या सुमारास मोठा पूल झाला. ५ जुलै १९८६ रोजीं तो कोसळला, आणि पणजी शहर पुन्हा फेरीबोटीवर आलें. १९९२ सालीं नवा पूल होईपर्यंत हजारों माणसें बोटींतूनच येत-जात राहिलीं. कोंकणांत दाभोळ-धोपावे ह्या खाडीवर २००३ पासून मोटारींसकट माणसें नेणारी बोट चालते, आणि २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास तशीच मोठी बोट जाते. महाराष्ट्रांत ह्या साऱ्यावर देखरेख करण्यास १९९६ पासून सागरी मंडळ आहे, आणि २०२१ सालीं अंतर्गत जलवाहतुकीचा देशव्यापी नवा कायदाहि झाला. म्हणजे नावध्यक्ष पुन्हा जागेवर आहे.

तरीहि १८ डिसेंबर २०२४ ची दुपार विसरतां येत नाहीं. गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' ह्या बोटीवर, इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान नाव ताबा सुटून आदळली. पंधरा माणसें मृत्यु पावलीं. त्या धडकेचा दोष फेरीबोटीचा नव्हता, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण त्या बोटीला परवाना चौऱ्यायशीं उतारूंचा होता, आणि तींत माणसें शंभराहून अधिक होतीं. जीवरक्षक जाकिटें बहुतेकांच्या अंगावर नव्हतीं. धडक टाळणें त्या बोटीच्या हातीं नसेल. परंतु किती माणसें घ्यावयाचीं आणि त्यांना पाण्यांत तरंगत ठेवण्याची तयारी किती असावयाची, हें काठावर असतांनाच ठरवितां येण्याजोगें होतें. 'भरली' हा शब्द त्या दिवशीं काठावर कोणीं उच्चारला नाहीं.

म्हणून तरीच्या इतिहासांतून जें निघतें तें थोडक्यांत असें. नियम आपल्याकडे दोन हजार वर्षांपासून आहेत. माणसें किती हवींत, नाव कशी हवी, नुकसान कोणीं भरावें, सर्व लिहिलेलें आहे. उणीव पडते ती नियम बोलून दाखविणाऱ्या माणसाची. ज्याला पाणी कळतें त्याला 'भरली' आणि 'आज नाहीं' म्हणतां आलें पाहिजे, आणि तें म्हटल्यानें त्याच्या पोटाला चिमटा बसतां कामा नये. जुन्या गांवानें खळ्यावरच्या वांट्यानें ती सोय केली होती. आजच्या काळीं ती पगारानें करावी, कायद्यानें करावी, कशानेंहि करावी, पण करावी.

आणि आपणहि, श्रोते हो, ह्या व्यवहारांतले एक भागीदार आहों. सुट्टीच्या दिवशीं मुलाबाळांना घेऊन आपण गेटवेच्या पायऱ्यांवर उभे असतों. बोटीवरचा माणूस 'पुढच्या फेरीला या' म्हणतो, आणि आपण त्याच्याशीं हुज्जत घालतों. त्या वेळीं तो आपली गैरसोय करीत नसतो. तो आपलें सर्वांत जुनें कर्तव्य बजावीत असतो. गोव्याच्या सरकारी फेरीबोटींत पायीं येणाऱ्यास भाडें पडत नाहीं. उषवदाताची पुण्यतर तेवढ्यापुरती अजून चालू आहे, म्हणावयास हरकत नाहीं. त्या राजपुरुषानें नावांबरोबर दोन्ही तीरांवर सभा आणि पाणपोया बांधल्या होत्या. तर भरली असेल, किंवा आज सुटत नसेल, तर उतारूनें सावलींत बसावें, पाणी प्यावें, आणि थांबावें. थांबण्याची सोय ही पार नेण्याच्या सोयीचाच एक भाग आहे, हें नाशिकच्या दगडावर कोरून ठेवलेलें आहे.